गर्भनिरोधक गोळी चालू असताना बीपी वाढलं : आता कुठली गोळी ठेवू, कुठली सोडू?

रानजाई
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज धागा काढायची वेळ आली.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं बीपी १४८/९६ निघालं. वय ३४, सिगारेट वगैरे नाही, वजन जरा जास्त. तिथल्या डॉक्टरांनी "आईला बीपी आहे का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि त्यांनी टेल्मिसार्टन ४० लिहून दिली. दुसरी काही औषधं चालू आहेत का, हे विचारलंच नाही. मागे रांग होती, मीही उठले.

चालू आहे ती पीसीओएससाठी (हार्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होते, तो त्रास) दिलेली गोळी. २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. पाकिटावर ड्रोस्पिरेनोन ३ मिग्रॅ आणि एथिनिल एस्ट्राडिऑल ०.०३ मिग्रॅ असं लिहिलंय, म्हणजे गर्भनिरोधक गोळीच ती. घरी येऊन आतला घडीचा कागद उलगडला तर बारीक अक्षरात 'रक्तदाब वाढू शकतो' असं छापलेलं. गोळी सुरू करताना माझं बीपी कुणी मोजल्याचं मला तरी आठवत नाही.

आता गोंधळ असा, की बीपी या गोळीनेच वाढलं असेल तर ती बंद करावी आणि बीपीची सुरूच करू नये, की दोन्ही घ्याव्यात? नवरा म्हणतो दोन्ही बंद कर आणि शांत झोप. कुणाला अनुभव आहे का? जाणकारांनीही प्रकाश टाकावा.

साखरझोप
वाचतेय. मीही हीच गोळी घेते. आता मोजायलाच हवं म्हणायचं.

बेरकी
ऑफिसातच मोजलं ना? मग बीपी गोळीचं नाही, बॉसचं आहे. (दिवा घ्या)

किल्वर
रानजाई, माझं असंच झालं होतं, फक्त आकडे जरा कमी. गोळीच्या आधी माझं बीपी कायम ११०/७० च्या आसपास. गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे मोजलं तर १३८/८८. त्यांनीच विचारलं, "गर्भनिरोधक घेता का?" मला नवलच वाटलं, दाढ दुखतेय आणि हे काय विचारतात! स्त्रीरोगतज्ज्ञांनी गोळी बदलून नुसत्या प्रोजेस्टिनची दिली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत बीपी पहिल्यासारखं झालं. माझ्या घरात कुणालाच बीपी नाही, हेही सांगून ठेवते. तुझ्या आईला आहे, त्यामुळे माझ्यावरून तुझा अंदाज बांधू नकोस.

दुपारची_शिफ्ट
मी परिचारिका आहे. औषधाचं डॉक्टर सांगतील, मी मोजण्याबद्दल बोलते. रानजाईताई, तुमचं बीपी त्या दिवशी मोजलं कसं ते आठवा. जिना चढून आल्यावर लगेच? रांगेत उभं राहून? बोलता बोलता? पट्टा बाहीवरून बांधला होता का?

एका मोजणीवर बीपीचं निदान सहसा करत नाहीत. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, मांडीवर मांडी न टाकता ५ मिनिटं गप्प बसायचं. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी-सिगारेट नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं, भरल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. एकदा मोजा, मिनिटभर थांबा, परत मोजा. असं काही दिवस सकाळ-संध्याकाळ करून लिहून ठेवा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढे आली तर ते वाढलेलं समजतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ला आहे.

पट्ट्याचं मुद्दाम सांगते. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. मशीनसोबत येणारा पट्टा सगळ्यांना बसतो असं नाही. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये माप छापलेलं असतं. दंडाच्या मध्यावर टेप लावून बघा आणि त्यात बसत नसेल तर मोठा पट्टा वेगळा घ्या.

रानजाई
@दुपारची_शिफ्ट, बाही वर सरकवली होती आणि ती दंडाला करकचून बसली होती. तिच्याखालीच पट्टा. आणि हो, मोजताना मी पत्ता सांगत होते.

दुपारची_शिफ्ट
मग तो आकडा कच्चाच समजा. पण सोडून देऊ नका.

ओपीडीनंतर
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, रात्री उशिरा लिहितोय, टंकनदोष पोटात घाला.

रानजाई, तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट इथे कुणी हेरलेली दिसत नाही. ड्रोस्पिरेनोन हे स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या कुळातलं. ते शरीरातलं मीठ-पाणी बाहेर काढतं आणि पोटॅशियम धरून ठेवतं. ३ मिग्रॅ ड्रोस्पिरेनोनचा हा परिणाम साधारण २५ मिग्रॅ स्पायरोनोलॅक्टोनएवढा मानतात. टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवते. मूत्रपिंडं चांगली असलेल्या तरुण बाईत बहुतेक वेळा काही होत नाही, पण दोन्ही एकत्र द्यायच्या असतील तर पहिल्या महिन्यात रक्तातलं पोटॅशियम तपासायचं असतं. म्हणजे दोन्ही लिहिणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत असायला हव्यात. शिवाय कंबर, डोकं, पाळी यासाठी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेत असाल तर तेही सांगा. त्यांनी पोटॅशियम वाढतं आणि बीपीही.

दुसरं. यजमानांचा 'दोन्ही बंद कर' हा सल्ला अर्धा बरा आहे. पण उलटं केलंत, म्हणजे गर्भनिरोधक थांबवून टेल्मिसार्टन चालू ठेवलीत आणि मध्येच दिवस राहिले, तर ते वाईट. या गटातली औषधं गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा करतात, गरोदरपणात ती चालत नाहीत. म्हणून गोळी सोडायची तर त्याच दिवसापासून दुसरा उपाय हातात हवा, निदान निरोध तरी. पीसीओएस आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, या भरवशावर राहू नका.

आता मूळ प्रश्न. एस्ट्रोजेन असलेल्या गोळीने (तुमच्या गोळीतलं एथिनिल एस्ट्राडिऑल हे एस्ट्रोजेनच) बीपी वाढतं का? हो, वाढू शकतं. बहुतेकींमध्ये दोन-चार मिमीचा फरक पडतो, तो त्यांना कधी कळतही नाही. थोड्या जणींमध्ये मात्र चांगलंच वाढतं. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल, घराण्यात असेल, वजन जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर शक्यता अधिक. पण कुणाचं वाढेल हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणूनच गोळी देण्याआधी बीपी मोजायचं, साधारण ३ महिन्यांनी परत मोजायचं आणि पुढे वर्षातून एकदा तरी. तुमचं आधी मोजलं गेलं नाही, यात चूक आमच्या जातकुळीची.

तळटीप
यामागची यंत्रणा रंजक आहे म्हणून थोडं लिहितो. एथिनिल एस्ट्राडिऑल यकृताला अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवायला लावतं. मूत्रपिंडातून येणारं रेनिन त्याचे तुकडे करतं. पुढच्या पायरीवर त्यातून अँजिओटेन्सिन-२ तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. शिवाय अल्डोस्टेरोन नावाचं हार्मोन वाढून मीठ आणि पाणी शरीरात साठतं. गंमत म्हणजे ज्या टेल्मिसार्टनबद्दल वर चर्चा चालली आहे, ती याच अँजिओटेन्सिन-२ ची वाट अडवते.

१९६७ साली अमेरिकेत जॉन लाराघ आणि सहकाऱ्यांनी गोळी घेणाऱ्या आणि बीपी वाढलेल्या बायकांमध्ये रेनिन-अल्डोस्टेरोनची ही गडबड दाखवून दिली. १९६० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत मेस्ट्रानॉल नावाचं एस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या बहुतेक गोळ्यांत एथिनिल एस्ट्राडिऑल २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. दोन्ही रेणू तंतोतंत एक नाहीत, पण मात्रा किती उतरली याची कल्पना येते.

बेरकी
तळटीप, तुमची तळटीप कायम मजकुराहून मोठी कशी?

तळटीप
सवय.

उंबर
माझं मत कडू वाटेल. हार्मोन म्हणजे शरीराशी खेळ. निसर्गाने जे दिलंय त्यात ढवळाढवळ केली की बीपी, वजन, मूड सगळं बिघडणारच. आमच्या पिढीने अशा गोळ्या घेतल्या नाहीत आणि आमचं काही अडलं नाही. मुलींनो, बंद करा हे सगळं.

किल्वर
उंबरकाका, तुमच्या पिढीत कुणाचं काय अडलं, ते काकूंना विचारून इथे लिहाल का?

दुपारची_शिफ्ट
+१ किल्वर. आणि काका, बीपी वाढवण्यात गरोदरपण कुठल्याही गोळीला ऐकत नाही. प्रसूतीच्या वॉर्डात काढलेल्या वर्षांत मी गोळीने बीपी वाढलेल्या बायका थोड्या पाहिल्या, गरोदरपणात झटके येण्यापर्यंत बीपी गेलेल्या कितीतरी जास्त. नको असताना राहिलेले दिवस हे 'नैसर्गिक' म्हणून सौम्य नसतात.

उंबर
प्रसूतीचा मुद्दा मान्य. पण ज्यांना आधीच बीपी आहे त्यांना तरी ही गोळी देऊ नये, एवढं तरी म्हणाल?

ओपीडीनंतर
म्हणतोच. जागतिक आरोग्य संघटनेचे पात्रता निकष आहेत, त्यात प्रत्येक साधनाला १ ते ४ असे वर्ग दिलेत. १ म्हणजे खुशाल वापरा, ४ म्हणजे वापरूच नका. एस्ट्रोजेन असलेल्या कुठल्याही साधनाला, मग ती गोळी असो, त्वचेवरचा पॅच असो की योनीतली रिंग, बीपी १४०–१५९ किंवा ९०–९९ असेल तर वर्ग ३. म्हणजे दुसरं काहीच जमत नसेल तरच. १६० किंवा १०० च्या पुढे गेलं की वर्ग ४. औषध घेऊन बीपी आटोक्यात असेल तरीही वर्ग ३. म्हणून 'बीपीची गोळी लावू आणि ही पण चालू ठेवू' हा सहसा पहिला मार्ग नसतो.

कारण नुसता आकडा नव्हे. बीपी असलेली बाई एस्ट्रोजेनची गोळी घेत असेल तर पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका बीपी नसलेल्या बाईपेक्षा बराच वाढतो. त्यात वय पस्तिशीपुढे आणि सिगारेट असेल तर विचारायलाच नको. सिगारेट ओढणाऱ्या ३५ वर्षांपुढच्या बाईला ही गोळी वर्ग ३, दिवसाला १५ किंवा जास्त असतील तर वर्ग ४.

गोळाबेरीज
भीतीचा सूर वाढतोय म्हणून थोडा विदा (आकडेवारी). अमेरिकेत ६८,२९७ परिचारिकांवर ४ वर्षं चाललेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सध्या गोळी घेणाऱ्यांमध्ये बीपी होण्याचं प्रमाण कधीच न घेतलेल्यांच्या १.८ पट निघालं. '१.८ पट' ऐकून दचकायला होतं. पण त्याच अभ्यासात दर १०,००० स्त्री-वर्षांमागे गोळीच्या खात्यावर ४१.५ रुग्ण पडले. म्हणजे १०,००० जणींनी वर्षभर गोळी घेतली तर साधारण ४१-४२ जणींचं बीपी केवळ गोळीमुळे. बाकी ९,९५० हून अधिक जणींना गोळीपायी बीपी नाही. आणि गोळी सोडल्यावर हा जास्तीचा धोका झपाट्याने उतरला.

साखरझोप
गोळाबेरीज, मी त्या ४१ मध्ये असले तर बाकी ९,९५० चं मी काय करू?

गोळाबेरीज
रास्त आहे. तिथे आकडेवारीचा उपयोग संपतो आणि दुपारची_शिफ्ट यांच्या पट्ट्याचा सुरू होतो.

सरळरेषा
मला वर एक विसंगती दिसते. ड्रोस्पिरेनोन मीठ-पाणी बाहेर काढतं असं डॉक्टरच म्हणाले. मग त्या गोळीने बीपी उतरायला हवं. मी वाचलेल्या अभ्यासांत ड्रोस्पिरेनोनच्या गोळ्यांनी बीपी तसंच राहतं किंवा किंचित उतरतंच असं आहे. म्हणजे रानजाईंचं बीपी गोळीचं नसून आईकडून आलेलं आहे. गोळी सोडून पीसीओएसचा बोजवारा उडेल आणि बीपी तिथेच राहील.

ओपीडीनंतर
सरासरीचं तुम्ही म्हणता ते बरोबर. पण सरासरी 'तसंच राहिलं' म्हणजे प्रत्येकीचं तसंच राहिलं असं नाही. काहींचं उतरतं, काहींचं चढतं, बेरीज शून्य येते. गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्राडिऑल आहेच आणि यकृतावरचं त्याचं काम थांबलेलं नाही. म्हणूनच निकषांत ड्रोस्पिरेनोनच्या एकत्रित (म्हणजे एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या) गोळीला वेगळी सवलत नाही. गोळीचं की आईचं, हे वाद घालून कळणार नाही. गोळी थांबवून, तीन-एक महिने नीट मोजून थोडंफार कळतं.

सरळरेषा
तोवर टेल्मिसार्टन घ्यायची की नाही?

ओपीडीनंतर
ते समोर बसून ठरवायचं. १४८/९६ खरंच कायम असेल, लघवीत प्रथिन नसेल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), साखर ठीक असेल, तर बरेच फिजिशियन आधी कारण काढून बघतील. १६०/१०० च्या पुढे परत परत येत असेल तर वाट बघणं नाही. डोकं भयंकर दुखणं, नजर अंधुक होणं, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काहीही झालं तर धाग्यावर लिहायचं नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं.

चांदणभूल
थोडं अवांतर विचारते. मी गर्भनिरोधक कधीच घेतलं नाही, पण पाळी पुढे ढकलायची गोळी बऱ्याचदा घेतलीय. ५ मिग्रॅची, दिवसातून तीनदा. ती यात येते का? त्यात एस्ट्रोजेन नसतं असं दुकानदार म्हणाला.

ओपीडीनंतर
अवांतर नाही, फार चांगला प्रश्न आहे. ती नोरएथिस्टेरोन. डबीत एस्ट्रोजेन नसतं, दुकानदार चुकला नाही. पण शरीरात गेल्यावर तिचा थोडा भाग एथिनिल एस्ट्राडिऑलमध्येच बदलतो. दिवसाला १० ते २० मिग्रॅ घेतली तर हा भाग २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या एकत्रित गोळीच्या तोडीचा होतो. तुम्ही १५ घेता. चार-पाच दिवसांनी निरोगी बाईचं काही बिघडत नाही, पण जिला बीपी आहे, पूर्वी रक्ताची गुठळी झालीय, तिने ही गोळी दुकानातून परस्पर घेऊन टाकू नये. आणखी एक, या मात्रेत ती गर्भनिरोधक म्हणून मान्य नाही, त्या भरवशावर राहू नका.

चांदणभूल
बापरे. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

मुक्कामपोस्ट
धाग्यात बायकांचीच गर्दी दिसतेय म्हणून भीत भीत. नवऱ्याने नसबंदी केली तर बायकोचं बीपी शून्य मिमी वाढतं. मी केली. आठवडाभर जपलं, जड उचललं नाही, बाकी काही नाही. लगेच मोकळीक मिळत नाही एवढं लक्षात ठेवा. साधारण ३ महिन्यांनी वीर्याची तपासणी करून शुक्राणू नाहीत याची खात्री होईपर्यंत दुसरा उपाय वापरायचा.

बेरकी
बायकोचं शून्य मिमी, तुमचं किती वाढलं?

मुक्कामपोस्ट
शस्त्रक्रियेच्या टेबलावर बरंच. नंतर उतरलं.

किल्वर
मुक्कामपोस्ट, तुम्हाला मानाचा मुजरा. रानजाई, नवऱ्याला हा प्रतिसाद वाचून दाखव. 'दोन्ही बंद कर' म्हणणाऱ्याला तिसरा पर्यायही कळू दे.

साखरझोप
बरं, ज्यांना बीपी आहे पण मूल आत्ता नको, त्यांनी काय घ्यायचं ते कुणी एका ठिकाणी लिहील का? धाग्याला इतके फाटे फुटलेत.

ओपीडीनंतर
बीपीच्या बाजूने सगळ्यात बिनघोर तांबी, म्हणजे कॉपर टी. हार्मोनच नाही. ३८०ए प्रकारची १० वर्षं चालते. पाळी मात्र जास्त आणि दुखरी होऊ शकते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं हार्मोनचं आययूडी (तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं साधन), हातातलं इम्प्लांट, नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी, ही सगळी १४०–१५९ च्या बीपीलाही वर्ग १, त्यापुढे वर्ग २. तीन महिन्यांच्या इंजेक्शनला जरा हात आखडता घेतो. १६०/१०० पुढे ते वर्ग ३ आहे आणि काहींचं वजनही वाढतं. आठवड्यातून एकदा घ्यायची सेंटक्रोमन स्टेरॉइड नाही, त्यात एस्ट्रोजेन नाही. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा घ्यावी लागते. तिने पाळी लांबते, आणि पीसीओएसमध्ये ती सहसा देत नाहीत, म्हणून रानजाईंना ती नको.

पीसीओएसचा वेगळा पेच आहे. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, ते चांगलं नाही. म्हणजे त्यांना गर्भनिरोधनासोबत अस्तराची काळजी घेणारंही काहीतरी हवं. तांबी ते काम करत नाही. हार्मोनचं आययूडी करतं.

तिन्हीसांज
आणि ती नंतर घ्यायची, ७२ तासांतली गोळी? मला बीपी आहे.

ओपीडीनंतर
लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिग्रॅ, एकच मात्रा, एस्ट्रोजेन नाही. बीपी असलं तरी घेता येते. जितकी लवकर तितकी चांगली. फक्त तिलाच नेहमीचा उपाय करू नका, तेवढी भरवशाची ती नाही.

उंबर
हिला विचारलं. "तुम्हाला काय माहीत काय अडलं होतं ते" एवढंच म्हणाली आणि आत गेली. धाग्यातून रजा घेतो.

किल्वर
रजा नामंजूर काका. बसा.

रानजाई
बऱ्याच दिवसांनी येतेय. व्यनि करणाऱ्या सगळ्यांचे आभार.

आधी घरी मोजलं, मोठ्या पट्ट्याने, गप्प बसून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी १३९/९०. म्हणजे ऑफिसातला आकडा फुगलेला होता, पण साफ खोटाही नव्हता. टेल्मिसार्टन सुरू न करता वही घेऊन आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. पोटॅशियम, क्रिएटिनिन, लघवी, साखर सगळं केलं, ठीक आलं. त्यांनी एकत्रित गोळी थांबवली आणि हार्मोनचं आययूडी बसवलं. बसवताना दुखलं, खोटं कशाला सांगू. पहिले काही आठवडे अधूनमधून डाग दिसत राहिले, आता बरं आहे. फिजिशियनने टेल्मिसार्टन तूर्त थांबवून ३ महिने मोजत राहायला सांगितलं. आणखी एक निघालं. पाठदुखीसाठी मी आयबुप्रोफेन बऱ्यापैकी घेत होते, तीही बंद केली.

ताजी सरासरी १२८/८२. औषध नाही. ऑफिसच्या डॉक्टरांनाही कळवलं, म्हणजे पुढच्या तपासणीला परत तीच चिठ्ठी नको.

सरळरेषा
मग काय ठरलं? गोळीचं होतं की वेदनाशामकाचं?

रानजाई
मीही हेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकदम थांबवल्यात, आता ते वेगळं काढता येणार नाही. आणि काढायचं तरी कशाला, दोन्ही परत नकोच आहेत. आईचा वारसा आहेच, म्हणून मशीन कपाटात टाकलेलं नाही.

सरळरेषा
उत्तर पटलं नाही, पण निर्णय पटला.

गोळाबेरीज
एका बाईवरचा, तुलनागट नसलेला, दोन गोष्टी एकदम बदललेला प्रयोग. तरीही १२८/८२ बद्दल अभिनंदन.

साखरझोप
मी मोजलं. ११८/७६. गोळी चालूच ठेवतेय, पुढच्या महिन्यात परत मोजेन. बेरकी, ऑफिसातच मोजलं बरं का.

बेरकी
तुमचा बॉस रजेवर असणार.

निशिगंध
धागा उशिरा वाचला. माझं बीपी अगदी व्यवस्थित आहे, पण मला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेघा येतात, पंधरा-वीस मिनिटं राहतात, मग डोकं धरतं. गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिली, त्यांना अर्धशिशीबद्दल माहीत नाही. बीपी नॉर्मल आहे म्हणजे मला चालेल ना?

ओपीडीनंतर
नाही. त्या रेघांना ऑरा म्हणतात. ऑरा असलेली अर्धशिशी असेल तर एस्ट्रोजेनच्या गोळीला थेट वर्ग ४, बीपी कितीही छान असो, वय कितीही असो. कारण पक्षाघाताचा धोका. उद्यावर टाकू नका, आजच डॉक्टरांना फोन करा आणि रेघांचं हे वर्णन जसंच्या तसं सांगा. तोवर निरोध. नुसत्या प्रोजेस्टिनचे पर्याय तुम्हालाही आहेत.

निशिगंध
बाप रे. करते लगेच. गोळीत एस्ट्रोजेन आहे की नाही हे पाकिटावर कसं ओळखायचं? समोर फक्त कंपनीचं नाव दिसतंय.

दुपारची_शिफ्ट
पट्टी उलटी करा. मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरात घटक असतात. 'एथिनिल एस्ट्राडिऑल' किंवा नुसतं 'एस्ट्राडिऑल' दिसलं की एस्ट्रोजेन आहे. ०.०३ मिग्रॅ म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, ०.०२ म्हणजे २०. पट्टी कापलेली असेल आणि नाव गेलं असेल तर बाहेरचा खोका शोधा. फोनवर वाचून दाखवा आणि जाताना पाकीट सोबत न्या.

निशिगंध
मिळालं. ०.०३. फोन लावतेय.